उपरण्याखालचा हात

आमच्या कासुर्डीच्या घरात पुढच्या खोलीत, दाराच्या डाव्या अंगाला एक खिळा आहे. त्यावर आता काही नाही. खिळ्याखाली भिंतीवर एक लांबट तेलकट डाग तेवढा राहिला आहे. रंग दिला तरी तो पुन्हा उमटतो. मागच्या रविवारी मी गेले तेव्हा आई त्या खिळ्याला दुकानातून मिळालेलं कॅलेंडर अडकवायला निघाली होती. आप्पा खाटेवरून म्हणाले, "तिथं नको."

आईनं माझ्याकडं बघितलं. "बघ. काय हाय त्या खिळ्यात मला न्हाई कळत. पर कायतरी हाय."

माझ्या आईला कुठंही गेलं तरी कायतरी असल्याचा वास येतो. दूधवाला हसला तरी येतो, न हसला तरी येतो. कॅलेंडर तिनं टीव्हीवर ठेवलं आणि ती भाकरी टाकायला आत गेली. मी डागाकडं बघत बसले.

त्या खिळ्यावर आप्पांचं बाजाराचं उपरणं असायचं. जाडसर, पांढरं, काठाला बोटभर लाल पट्टी. लग्नाकार्याचं उपरणं वेगळं, शेताचं वेगळं, हे फक्त जनावरांच्या बाजाराचं. त्याला कडब्याचा वास यायचा, तंबाखूचा यायचा, बैलाच्या मानेवरच्या घामाचा आणि बाजारातल्या भज्यांच्या तेलाचा यायचा. आई ते बाकीच्या कपड्यांत भिजवायची नाही. ओढ्यावर वेगळं न्यायची आणि दगडावर असं आपटायची की जणू त्यातून काहीतरी कबूल करून घ्यायचं आहे.

आप्पा एरवी भाजीपाला करायचे. पण बाजाराच्या दिवशी ते मध्यस्थ असायचे. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, जनावरं सांभाळायचे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला आम्ही टेम्पोतून जायचो. पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पांच्या मांडीवर मी, मागं बैलांत नाना. हिवाळ्यात उसाच्या फडांवर धुकं बसलेलं असायचं. नदीचा पूल आला की बैल बिचकायचे आणि मागून नानांचा आवाज यायचा, "काय न्हाई रे राजा, पाणी हाय, पाणी." ते बैलांशी जसं बोलायचे तसंच माझ्याशी बोलायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही.

बाजारात पोरगी कुणी आणत नसे. कुणीतरी विचारायचंच, "हिला कशाला आणलं?"

नाना म्हणायचे, "शाळेत निबंध हाय तिला. बाजारावर."

"दर बाजाराला निबंध?"

"मास्तर कडक हाय."

शिंगांना लावलेला हिंगूळ, घुंगरमाळांची सततची किणकिण, गुळाच्या ढेपेवर बसलेल्या माश्या, पायाखाली मऊ झालेली धूळ. या सगळ्यात मी एकाच गोष्टीकडं बघत असायची. कारण ती बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर असायची. ती म्हणजे आप्पांचं उपरणं, आणि त्याच्याखाली चाललेले दोन हात.

ज्यांनी तो बाजार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं जनावराचा भाव तोंडानं बोलत नसत. दोन माणसं हातात हात घालत, वरून उपरणं टाकत, आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. धरलेल्या बोटांवर आकडा ठरायचा, पेर दाबलं तर अर्धा. ज्याला भाव सांगायचा असेल तो दुसऱ्याची बोटं धरायचा. ऐकणारा आपला हात नुसता देऊन ठेवायचा. आणि हे चाललेलं असताना तोंडानं दुसरंच बोलणं व्हायचं.

"औंदा ज्वारी कशी हाय?"

"ठीक हाय. हुरड्याला या की."

"येतो. थोरलीचं जमलं का कुठं?"

"बघतोय. घाई न्हाई."

आणि तेवढ्यात उपरणं एकदम हिसडलं जायचं, आत मासोळी उडावी तसं. वर दोन्ही चेहरे शांत. एकजण तंबाखू चघळतोय, दुसरा आभाळाकडं बघतोय. मला वाटायचं, ही माणसं खोटं बोलत आहेत. हुरड्याला या म्हणणारा माणूस खाली काय करतोय? आतलं खरं की बाहेरचं? मी वाकून खालून बघायला गेले की आप्पांचा दुसरा हात माझ्या डोक्यावर यायचा आणि मान हळूच दुसरीकडं वळवायचा.

परतीच्या वाटेवर एकदा मी विचारलं, "तोंडानं का नाही सांगत? कुणी ऐकलं तर काय होतं?"

 आप्पा म्हणाले, "मोठ्यानं भाव कमी केला, की तो बैलाचा ऱ्हात न्हाई. धन्याचा होतो. माणूस वर्षभर खाऊ घालतो जनावराला. चारचौघांत त्याची किंमत पाडायची म्हंजी त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. आत कितीबी पाडा. बघाय कोण हाय?"

नाकारायचीसुद्धा रीत होती. हात झटकून काढायचा नाही. बोटं सैल सोडायची, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग उपरणं बाजूला करायचं. निघताना बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा आणि म्हणायचं, "जनावर चांगलं हाय. आमचा योग न्हाई." मग बैलवाला म्हणायचा, "पाणी पिऊन जा." सौदा मोडलेली माणसं दुपारी एकाच गाड्यावर भजी खाताना दिसायची.

घरी मात्र आई दारातच असायची. "काय झालं खरं?" हा तिचा प्रश्न. आप्पांनी काहीही सांगितलं तरी ती म्हणायची, "वर गोड बोलायचं, खाली काय करता ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला कशाला सांगताय?" मी दोघांच्या मधे वाढले. आप्पांची रीत मला कळली होती, पण आईचा संशय मला चिकटला. आजही हडपसरच्या ऑफिसात कुणी फार नम्रपणे बोललं की माझं लक्ष त्याच्या तोंडाकडं जात नाही. या माणसाचा हात आत्ता कुठं आहे, असं वाटत राहतं. साहेब "बघू" म्हणतात, तेव्हा मला उपरणं हिसडल्यासारखं दिसतं.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती कुणामुळं, हे मला विसरता येत नाही. दौंडच्या कॉलेजला जायला सकाळची शटल यवतला पकडायची. आप्पा त्या वेळी मळ्यात असायचे. नाना मला त्यांच्या एम-एटीवर मागं बसवून स्टेशनला सोडायचे, थंडी असो, चिखल असो. गाडी हलेपर्यंत ते फलाटावर उभे राहायचे. मी खिडकीतून "जा ना आता" असा हात करायची, ते हलायचे नाहीत. निकाल लागला तेव्हा बाजारात पेढे त्यांनी वाटले. "निबंध पूर्ण झाला हिचा," असं सांगत.

पुढं दोन्ही घरांत वाटणीवरून भांडण लागलं. ते कशावरून सुरू झालं ते मी लिहीत नाही. लिहायला बसले की दोन्ही बाजूंचं खरं वाटायला लागतं. नाना शिरूरला त्यांच्या मुलाकडं, संतोषकडं राहायला गेले. संतोष रांजणगावला कंपनीत आहे, आणि गावाबाहेर त्यानं गाईंचा गोठा केला आहे. राहिलं ते सामाईक रान, विहीर, आणि व्हॉट्सअॅपवरचा घरच्या माणसांचा ग्रुप.

त्या ग्रुपवर कुणी कुणाला वाईट बोललं नाही. पण कुणी सुविचार टाकला तरी दुसऱ्या घरात तो मोठ्यानं वाचला जायचा, कुणाला उद्देशून असेल याची चर्चा व्हायची. नाना आधी लांबच लांब लिहायचे, शुद्धलेखनाची पर्वा न करता. मग त्यांचं लिहिणं बंद झालं. सणाच्या शुभेच्छा असोत की कुणाच्या मयताची बातमी, ते खाली नुसता अंगठा ठेवायला लागले. आईनं त्या अंगठ्याचा अर्थ दोन दिवस लावला. "माजलेत," असा शेवटी निघाला. मलाही तो अंगठा कोरडा वाटला, हे खरं आहे.

मग चावडीजवळची बैठक झाली. पाच-पंचवीस माणसं होती. शिरूरहून संतोष एकटाच आला होता. बोलता बोलता संतोष आप्पांकडं बघून म्हणाला, "आयुष्यभर दलाली केलेल्या माणसाचं काय खरं धरायचं?"

आईनं त्याला उत्तर दिलं. ते मी इथं लिहिणार नाही. ती दोन वाक्यं बोलून झाल्यावर माणसं एकेक करून उठली.  घरी येऊन आप्पांनी पायातल्या चपला काढल्या, आणि त्या रात्रीपासून जेवताना ते ताटाकडं बघून जेवायला लागले. दोन्हीकडं वकिलांची नावं निघाली. दौंडच्या कोर्टात एकदा कागद पडला की आम्ही एकमेकांच्या दारात पुन्हा जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. ज्या माणसानं मला रोज स्टेशनला सोडलं, त्याच्या दहाव्याला उद्या मी जाऊ शकले नाही तर? मला रानाचं काही नव्हतं. मला तेवढीच भीती होती.

मी शिरूरला फोन केला. म्हटलं, "नाना, एकदा या. जमिनीबद्दल तोंडानं कुणी बोलायचं नाही. बाजारात करायचात तसं करा. आप्पांचं उपरणं आहे अजून."

 नाना म्हणाले, "त्येच्यासाठी हात लागतो आक्का."

"म्हणजे?"

"बघू."

मला ते "बघू" आवडलं नाही.

तरी ते आले. संक्रांत होऊन गेली होती, ऊन कोवळं होतं. संतोषच्या गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा उजवा हात बंडीच्या खिशात होता. चपला काढताना खिशात, खाटेवर बसताना खिशात. आत चहा गाळता गाळता आई माझ्या कानाशी आली. "खिशात फोन चालू हाय. समदं रेकॉर्ड करतोय. पोरानं शिकवलं असंल. तू काय बोलू नको."

मी चहा घेऊन गेले. नानांनी कप डाव्या हातानं घेतला. लहानपणी डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून मला टपली मारणारे नाना. आणि तेव्हा मलाही वाटलं, आई म्हणते ते खरं असेल. खिशाचा फुगवटा मी बघत राहिले. संतोष भिंतीला टेकून मोबाईल बघत होता, पण त्याच्या मोबाईलचा पडदा काळा होता.

आप्पा उठले. खिळ्यावरचं उपरणं काढलं, झटकलं. कोपऱ्यात धूळ उडाली आणि वास आला, तोच. ते नानांसमोर बसले आणि हात पुढं केला.

नानांनी डावा हात पुढं केला.

दारात उभ्या आईनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. बाजारात डाव्या हातानं सौदा म्हणजे समोरच्याला बैलाच्याही खाली बसवणं. आप्पांचा हात हवेतच राहिला. ते रागावले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. त्या झाल्या.

"ह्यो हात?" आप्पा म्हणाले.

"उपरणं टाक आधी, दादा," नाना खाली बघत म्हणाले. "मग त्यो देतो."

आप्पांनी उपरणं अंथरलं. नानांचा उजवा हात खिशातून निघाला आणि इतक्या चटकन आत गेला की कुणाला काही दिसलं नाही. आप्पांचा हात मागोमाग गेला.

उपरणं थोडं हललं. आत काहीतरी शोधल्यासारखं. मग थांबलं.

मी कितीतरी उपरणी बघितली आहेत, हिसडलेली, थरथरलेली, सैल पडलेली. असं मधेच गोठलेलं बघितलं नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. फक्त पाळ्यांवरचा लाल रंग उतरत गेला.

रीतीप्रमाणं कुणीतरी वर बोलायला हवं होतं. शेवटी आप्पा बोलले.

"गाईंना काय घालता औंदा?"

"कडबाच. कुट्टी करून."

"मशीन आणलं का?"

"आणलं. पावसाळ्याच्या आधी."

"हां," आप्पा म्हणाले. "चांगलं असतं मशीन. पर सांभाळून."

"व्हय."

संतोषनं मान आणखी खाली घातली. मग उपरण्याखाली एक सावकाश हालचाल झाली, कूस बदलल्यासारखी. एक हात उताणा झाला असावा आणि दुसरा वर आला असावा, एवढंच मला कळलं. कुणाचा कुठला ते कळलं नाही. थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "झालं."

"झालं," नाना म्हणाले.

उपरणं ज्याचं त्यानं उचलायचं असतं. आप्पांनी ते उचललं नाही. आपला हात तेवढा अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे अंगावर. गाडीत गार लागतं." नाना तसेच उठले, हाताभोवती उपरणं गुंडाळलेलं. दारात थांबून म्हणाले, "वहिनी, येतो." आई "या" म्हणाली, पण तिची नजर खिशावर होती.

गाडी गेल्यावर तिनं विचारलं, "किती सोडलं?"

"झालं ते झालं."

"आन् उपरणं? त्येबी दिलं? काय लिहून घेतलं त्यांनी तुमच्याकडनं?"

आप्पा मळ्यात निघून गेले. कोर्टात कुणी गेलं नाही. रान ठरल्याप्रमाणं वाटलं गेलं, विहीर सामाईक राहिली. आईला आजतागायत वाटतं की आप्पांनी जास्त सोडलं. असेलही. मला तो आकडा माहीत नाही.

बाकीचं मला आप्पांनी नंतर फोनवर सांगितलं. मागं मोटरीचा आवाज येत होता, म्हणजे ते विहिरीवर एकटे होते.

"दोन बोटं गेलीत त्येची. कुट्टीच्या मशीनमधी. तिसरं अर्धं हाय."

 अंगठा आठवला, ग्रुपवरचा. लिहायला तेवढाच कामाचा उरला होता.

"आपल्याला कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर गावात काय काय बोलले असते, भावाचं घेतलं म्हणून हात गेला, असं." आप्पा सांगत होते. "मी आकडा सांगाया गेलो. मला बोलायला त्याच्या हातात बोटंच न्हवती. मग मी माझी दिली. म्हटलं, तू सांग."

"मग त्यांनी काय सांगितलं?"

"त्ये उपरण्याखालचं हाय," आप्पा म्हणाले. "आन् आईला यातलं सांगू नको. ती वाईट न्हाई. पर ती हळहळंल. चारचौघींत हळहळंल. त्येला कवा दाखवायचं तवा त्यो दाखवंल."

तेव्हापासून आई खिशातल्या फोनची गोष्ट सांगत राहिली आणि आप्पा ती ऐकून घेत राहिले. स्वतःच्या बायकोकडून महिनोन्महिने भोळे ठरत राहिले, एका शब्दानं ती गोष्ट मोडता येत असताना.

मागच्या रविवारी कॅलेंडरचा तो प्रकार झाला आणि दुपारी नाना आले, न सांगता, एसटीनं. खांद्यावर उपरणं होतं. आत येऊन त्यांनी ते काढलं आणि खिळ्याला लावलं, आपलंच घर असल्यासारखं. मग खाटेवर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून. उघडे.

आई चहा घेऊन आली. तिची नजर आधी खिशाकडं गेली, तिथून हाताकडं, आणि तिथंच थांबली. नानांनी उजवा हात पुढं केला. "द्या वहिनी."

 आईला मी आयुष्यात न विचारता राहिलेलं बघितलेलं नाही.

"जरा थांबा भाऊजी," ती म्हणाली. "लई कढत हाय." ती तशीच आत गेली आणि परत आली, तेव्हा कप अर्धाच भरलेला होता. तो तिनं त्यांच्या तीन बोटांत नीट बसेपर्यंत धरून ठेवला. मग दुसऱ्यांदा आत जाऊन उरलेला अर्धा आणला. "शिरूरला पाऊस हाय का?" तिनं विचारलं.

"भुरभुर," नाना म्हणाले.

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. ती गॅसकडं तोंड करून उभी होती. "म्हंजी फोन न्हवता," ती गॅसला म्हणाली. पदरानं ओटा पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मग माझ्याकडं वळून खालच्या आवाजात म्हणाली, "तुला म्हाईत होतं."

मी होकाराची मान हलवली. 

जेवताना नाना मला म्हणाले, "आता लिही की गं. मास्तर गेला का रिटायर होऊन?" म्हणून हे लिहिलं.

संध्याकाळी निघताना त्यांनी खिळ्यावरचं उपरणं काढून पुन्हा खांद्यावर टाकलं. गाडीला हात दाखवायला आप्पा त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले. आई दारात उभी राहून बघत होती.

"परत घिऊन गेले की," ती म्हणाली. "ठेवलं का न्हाई हितं? कायतरी हाय."

मग टीव्हीवरचं कॅलेंडर तिनं उचललं आणि आत नेऊन ओट्यामागच्या भिंतीला लावलं.